हाकेचा खडक

“शिरूच्या आये गोऽऽ... शीड भरला वाऱ्यान...”

बाबांचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा सात-एक वर्षांची असेन. भर दुपार होती. कौलांच्या फटींतून उन्हाचे कवडसे सारवणावर पडले होते आणि बाबा पडवीतल्या खाटेवर हिवतापानं फणफणत होते. एकाएकी ते उठून बसले, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली आणि ओरडले. ओरडले कसलं, गायले. कावळ्यालासुद्धा हळू आवाजात हाकलणारा माझा बाप. त्याच्या छातीत एवढा आवाज कुठं दडला होता, मला कळेना.

आये विहिरीवरून येत होती. कमरेवर कळशी. ती उंबऱ्यातच थबकली.

बाबांनी दुसरी ओळ म्हटली आणि डोळे मिटून कान एका बाजूला कलता केला. पलीकडून कुणी काही बोलणार आहे, असा. आये हलली नाही. कळशीतलं पाणी हिंदकळून तिच्या पावलावर सांडत राहिलं. थोड्या वेळानं बाबा आडवे झाले, भिंतीकडे वळले.

“आये, शिरू कोण?” मी विचारलं.

“उंबऱ्यावरचा पाणी पूस,” ती म्हणाली आणि आत गेली.

आमचं घर खाडीच्या मुखाशी, खारेवाडीत. समोर दर्या, मागे माडांची राई. वाडीतली सगळी घरं दर्याकडे तोंड करून बसत. आमचे बाबा मात्र अंगणात दर्याला पाठ करून बसत. दिवसभर सुंभ वळत. काथ्याचे पेड तळहातावर फिरत राहत, मागे दोर सापासारखा वेटोळं घालत वाढत राही. लवू कोयंड्यानं वळलेला दोर तुटत नाही, असं खाडीच्या दोन्ही काठांवर म्हणत. एके काळी हा माणूस गलबतावर सुकाणू धरायचा, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

आणि ते आयेला हाक मारत नसत. आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही, पोराच्या नावानं हाक मारतो. माझ्या बरोबरीच्या सगळ्या पोरींच्या आया त्यांच्या नावानं ओळखल्या जायच्या. माझी आये कधी ‘जयूची आये’ झाली नाही. दोघांत काही बोलायचं असलं, तर ते माझ्यातून जायचं.

“जयू, तुझ्या बापाशीक सांग, पेज वाढलंय.”

बाबा हाताच्या अंतरावर बसलेले असत. ऐकलेलं असे. तरी मी सांगेपर्यंत हलत नसत.

“बाबा, पेज वाढली.”

“सांग तिका, इलंय.”

मोठी झाल्यावर मला कोल्हापुरात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली. कानाला यंत्र लावून दिवसभर इकडचा आवाज तिकडे जोडून द्यायचा. लोक म्हणत, कंटाळवाणं काम. मला काही नवीन शिकावं लागलं नाही. घरी माझी जागा बोक्यानं घेतली. सुट्टीत आले की पाहायची, आये चुलीपासून बोक्याला सांगतेय, “बोक्या, कढी थंड होता हा. मागसून माका नाव ठेवूक नको.” आणि बाबा बोक्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणतायत, “सांग, मीठ कमी आसला तरी चलात.” मला हसू यायचं. मग एसटीत बसल्यावर ते हसू कुठं जायचं कोण जाणे.

शिरूचं मला शेजारच्या भागीकाकूनं सांगितलं. मी बारा-तेरा वर्षांची होते, तिच्या अंगणात सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे राखत बसले होते.

“तुझो भाव तो. तुझ्या आधीचो. दोन वर्सांचो होवन गेलो.”

“कसो गेलो?”

काकूनं काठी जमिनीवर टेकली आणि खाडीच्या तोंडाशी आडव्या पडलेल्या काळ्या कातळाकडे बोट केलं. त्याला हाकेचा खडक म्हणतात. “तो खडक दिसता? तेच्या बुडाक पाणी खोल. भरलेला गलबत भायर पडताना खडकाक खेटान जाता. इतक्या जवळ, की बोललेला ऐकाक येता. म्हणान आमी बायको थंय जावन उभ्यो रवत होतो. एकेक खलाशी आपल्या घरच्या माणसाक हाक मारी. गाण्यात. आणि आमी थंयसून उत्तराची जाप देव.”

“कसली जाप?”

“पयला पोर झाल्यार बायल जात्यार बसान आपली ओवी करी. पुढली ओळ घोवाची, मागली आपली. ज्येची त्येची येगळी. तुझ्या आयेची फार गोड होती गो.” काकू हसली आणि मग दात पडलेल्या तोंडानं, पण सुरात, म्हणाली:

“जा रे गलबता सुखान, दिवो तेवता देवापाशी,
बाळ खेळता अंगणात, वाट बघता उंबऱ्यापाशी.”

“मागल्या ओळीत घरचा खरा काय ता सांगूचा लागता,” काकू पुढे म्हणाली. “घरात दुखणा आसला, भांडण आसला, तर त्या दिसाक बायल ओवी म्हणा नाय. दर्याच्या तोंडार खोटा बोलाक जायत नाय. जाप नाय इली की नाखवो शीड ढिला सोडी. शीड फडफडत रवा. गलबत थांबा. घोवाक वाटला तर तो होडक्यात उतरान मागे येय.”

“मग?”

“मगे काय! आगोटीच्या तोंडार, पावस लागाच्या आदी, शेवटची खेप होती. तुझ्या बापाशीन हाक मारली. तुझी आये शिरूक खांद्यार घेवन उभी होती. ती जाप देवक नाय. शीड ढिला सोडला. आमी सगळ्यो तिच्या तोंडाकडे बघतो. ती गप. आणि तुझो बापूस उतराक नाय. गलबत गेला. आमी घराकडे वळलो. घराक पोचाच्या आदी शिरू गेलो. तिच्या खांद्यारच.”

तिनं काठी उचलून कावळ्याला हाणली. “तेच्यानंतर तुझ्या बापाशीन दर्या सोडल्यान.”

आज बाबा नाहीत, आये नाही, भागीकाकूही नाही. मी निवृत्त होऊन खारेवाडीतच राहते. मला सांगायचं आहे ते त्यांच्या म्हातारपणातल्या एका सकाळचं.

आजगावकर म्हणून एक गृहस्थ होते, जहाजबांधणीतले. त्यांना खाडीच्या वरच्या अंगाला, खारफुटीच्या चिखलात, एक जुनं गलबत रुतलेलं सापडलं. पार्वतीप्रसाद. दोन डोलकाठ्यांचं, विलायती घाटाचं. सरकारी दप्तरात त्याची नोंद स्कूनर अशी होती; आमच्या बंदरावर त्याला सगळे गलबतच म्हणत. आजगावकरांनी आमच्याच सुतारांना हाताशी धरून ते उभं केलं. कुजलेल्या फळ्या काढल्या, नव्या बसवल्या, फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकला, आणि अंगाला मुशी माशाचं तेल लावलं. तो वास वाऱ्यावर आमच्या अंगणापर्यंत यायचा. बाबा त्या दिवसांत जेवताना नाकाला उपरणं लावत.

दोरांसाठी आजगावकर आमच्याकडेच आले. मी रजेवर होते. दोर बघून झाले, चहा झाला, आणि मग त्यांनी हळूच विषय काढला.

“लवूकाका, पहिल्या फेरीला तुम्ही हवेत. त्या गलबतावरच्या जुन्या माणसांपैकी तुम्हीच आहात आता.”

“बाकीचे खंय गेले?” बाबांनी सुंभ वळता वळता विचारलं.

“बाकीचे... आता नाहीत ना काका.”

“मगे आधी तेंका इचारा. ते हो म्हणाले तर मी येतंय.”

आजगावकर कसनुसं हसले. मी कप उचलायला वाकले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आयेचा आवाज आला.

“मी जातंय.”

बाबांचे हात थांबले. तळहातावरचे दोन पेड आपसूक उलगडत गेले.

“गलबतार बायल माणूस जायत नाय,” ते म्हणाले.

माझ्याकडे बघून नाही. बोक्याकडे बघून नाही. सरळ तिला. माझ्या आठवणीतलं त्यांचं तिच्याशी पहिलं सरळ वाक्य, आणि ते भांडणाचं.

“तेव्हा जाय नाय होती. आता पुण्याच्यो बायको पायात बूट घालून जातत,” आये म्हणाली. आणि आजगावकरांना: “ओ, माका जागा मिळात मा?”

“अहो, केव्हाही! या ना काकी.”

“पण आये, तुला कशाला?” मी म्हटलं. “तू तर होडीतसुद्धा डोळे मिटून बसतेस.”

तिनं पदरानं हात पुसले. जरा वेळ पुसतच राहिली.

“माका तो खडक पाण्यातसून बघूचो हा,” ती म्हणाली. “थंयसून काय दिसता, ता बघूचा हा.”

आजगावकर गेल्यावर बाबांनी उलगडलेले पेड पुन्हा वळायला घेतले. ऊन उतरून अंगणाबाहेर गेलं. मग मला म्हणाले, “जयू, तिका सांग, एकटी जाव नको.”

निघायचा दिवस मार्गशीर्षातला होता. सकाळची मतलई सुटली होती; डोंगराकडून दर्याकडे जाणारा तो थंड, कोरडा वारा. ओहोटी लागली होती. आजगावकरांनी पुण्या-मुंबईचे पंधरा-वीस पाहुणे आणले होते. सगळ्यांना नारिंगी जाकिटं वाटली. आयेनं नऊवारीवरून ते जाकीट चढवलं आणि स्वतःकडे खाली बघून म्हणाली, “शिमग्यातला सोंग दिसतंय.” पण काढलं नाही. तिच्या हातात ओटीतला नारळ होता. बाबांनी जाकीट घेतलं नाही. अनवाणी पायांनी ते फळीवरून चढले. वर गेल्यावर त्यांचं पाऊल एकदाच थांबलं. जुनी कोणती आणि नवी कोणती, ते पायाला कळत असावं.

इंजिन होतं, पण ते आजगावकरांनी बंद ठेवायला लावलं. खलाशांनी दोर ओढले. पुढल्या डोलकाठीवर शीड चढलं, त्यानं पोटात वारा भरून घेतला, आणि ते सगळं लाकूड, एवढं थोरलं, एकदाच कण्हल्यासारखं वाजून चालू लागलं. पाहुण्यांनी आनंदानं आरडाओरडा केला. मला मात्र वाटलं, आपलं गाव कुणीतरी हळूच आपल्यापासून ओढून नेतंय. माड, आमचं कौलारू घर, विहिरीचा रहाट. किनाऱ्यावर बोक्या बसला होता. तो पाठमोरा होता.

आये पुढल्या डोलकाठीला टेकून बसली. बाबा मागे, सुकाण्याजवळच्या दोराच्या वेटोळ्यावर. दोघांच्या मध्ये अख्खं गलबत. मी नेहमीसारखी मध्येच उभी होते. मग बाबांकडे गेले.

ते अंग चोरून बसले होते. एकदा इकडे वळले, एकदा तिकडे. मला आपोआप कळलं की ते काय शोधतायत. अंगणात दर्याला पाठ करता येते. गलबतावर पाठ फिरवायला जागाच नसते.

“बस गो,” ते म्हणाले. मी बसले.

“मी हयच उभो होतंय,” सुकाण्याकडे बघत ते म्हणाले. “तेव्हा.”

एक्स्चेंजमध्ये एक गोष्ट शिकले होते. पलीकडे माणूस बोलायच्या बेतात असला, की मध्ये श्वाससुद्धा घेऊ नये.

“आदल्या रातीक तेका ताप इल्लो. ती म्हणा होती, जाव नकात. मी म्हणालंय, शेवटची खेप, पावसात खातला काय? फटफटताना मी भायर पडलंय तेव्हा पोराच्या कपाळार हात लावलंय. ताप उतारलो होतो. निजलो होतो बरो. मी गलबतार इलंय, आमी ओहोटीची वाट बघीत रवलो.” ते थांबले. “मगे खडक इलो. मी हाक मारलंय. ती गप. मी परत मारलंय. ती गप. नाखव्यान शीड ढिला सोडल्यान. माका म्हणता, लवू, उतारतंस? होडका सोडू?”

वाऱ्यानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वाऱ्यानंच असेल.

“मी म्हणालंय, नको. राग हा तिचो रातचो. चला.”

सुकाण्यावरचा तरुण खलाशी आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होता.

“ती माका बोलवी होती गो जयू. गप रवान बोलवी होती. तेचो अर्थ तोच होतो. माका म्हायत होता, आणि मी राग समाजलंय. होडक्यात उतारलंय असतंय तर पोराक घेवन तसोच दवाखान्यात पोचलंय असतंय. तेव्हा जीव होतो तेच्यात. वाचलो असतो मा गो तो?”

चाळीस वर्षं हा माणूस हाच एक पेड तळहातावर फिरवत बसला होता. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. काथ्यानं चिरलेला, खरखरीत. उत्तर ज्याच्याकडे होतं ते माणूस तिकडे डोलकाठीला टेकून बसलं होतं, आणि त्याच्याकडे ते असेल अशी मला कल्पना नव्हती.

खडक जवळ येऊ लागला.

आये उठली. डोलणाऱ्या फळ्यांवरून, कठडा धरत धरत, एकेक पाऊल टाकत ती मागे आली, आमच्याजवळ. बाबांच्या शेजारी उभी राहिली. दोघांच्या मध्ये मी नव्हते, हे मला जरा वेळानं लक्षात आलं.

आजगावकर पाहुण्यांना सांगत होते, “हा हाकेचा खडक. इथं पूर्वी खलाशी...” त्यांनी बाबांकडे बघितलं. “काका, म्हणाल का एकदा? या लोकांना फार आवडेल.”

बाबांनी मान हलवली. नाही.

आजगावकर शहाणे, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण पाहुण्यांना फोटो हवे होते. “जरा हळू करा रे,” ते म्हणाले, आणि खलाशानं दोर ढिला सोडला. वर एवढं टम्म भरलेलं शीड एकदम सैल पडलं आणि फडफडू लागलं. फड्... फड्... फड्... गलबताचा वेग गेला. ते खडकाच्या बाजूला, पाण्यावर, थांबल्यासारखं झालं.

तो आवाज बाबांनी कानांनी नाही ऐकला. त्यांच्या पाठीच्या कण्यातून काहीतरी वर गेलं. ते उठले. ताठ उठले. म्हातारा हात, दोन्ही, तोंडाशी ओंजळ.

“शिरूच्या आये गोऽऽ, शीड भरला वाऱ्यान,
घर माझा कसा आसा, सांग तुझ्या तोंडान!”

तोच आवाज. खाटेवरचा. फक्त आता त्याला जागा होती. तो पाण्यावरून गेला, कातळाला लागला, आणि अर्धामुर्धा परत आला. खडकावर कुणी नव्हतं. चार पाणकावळे पंख वाळवत बसले होते. त्यातला एक उडाला. ओल्या कातळावरचे खेकडेसुद्धा दिसत होते, इतकं सगळं स्वच्छ दिसत होतं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांचं बाबांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि त्या टाळ्या एकेक करून विझल्या.

बाबांनी कान कलता केला होता. शीड फडफडत होतं.

आये खडकाकडे बघत नव्हती. ती बाबांकडे बघत होती.

“तुमका हयसून काय दिसला होता?” तिनं विचारलं. हळू. “तेव्हा?”

बाबांना पटकन कळलं नाही की तिनं त्यांना विचारलंय. त्यांनी सवयीनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

“तू दिसलंस,” ते म्हणाले. “थंय, त्या टोकार. हिरव्या लुगड्यात.”

“आणि?”

“खांद्यार शिरू. निजल्यासारखो. तुझ्या मानेत तोंड घालून.” त्यांनी टोकाकडे बोट केलं. “एक पाय लुगड्याभायर होतो. वाऱ्यान हलत होतो. पायातलो वाळो उन्हात चमकी होतो. माका वाटला, पोर माका पाय हलवून दाखवता हा.”

आयेनं कठडा दोन्ही हातांनी धरला. तिच्या हातातला नारळ निसटून फळ्यांवर पडला आणि गडगडत कुठं तरी गेला. कुणी उचलला नाही.

“दिसता तर,” ती म्हणाली. “सगळा दिसता. माका चाळीस वर्सां ह्याच एक होता, की तुमका दिसला काय नाय.”

“काय दिसाचा होता?”

“तो वाऱ्यान हलत होतो.” ती थांबली. “पाय. शिरू हलवीत नव्हतो.”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटतं, ते सुकाणू शोधत होते. त्यांचा हात मागे चाचपडत होता.

“तुमी गेल्यार घटकाभरान तेका आकडी इली,” आये म्हणाली. ती अगदी सपाट बोलत होती, पाणी तापलं म्हणून सांगावं तशी. “घरात मी एकटी. माझ्या मांडयेरच तो गेलो. मगे मी उठलंय, तेका खांद्यार घेतलंय नि तुमका सांगूक खडकार धावलंय. बायको उभ्यो होत्यो. एक म्हणता, गप निजलो हा बरो. मी काय सांगू? तितक्यात गलबत इला. तुमी हाक मारल्यात.”

“म्हणजे... मी हाक मारलंय तेव्हा...”

“तेव्हा तो माझ्या मानेक थंड लागत होतो.”

शीड फडफडत होतं. आजगावकरांनी खलाशाला हात करून थांबवलं होतं, असं मला नंतर आठवलं.

“ओवी माझ्या तोंडात होती,” ती म्हणाली. “बाळ खेळता अंगणात. कशी म्हणू? दर्याच्या तोंडार? आणि खरा सांगूक आवाजच फुटाक नाय. मी तोंड उघडलंय, भायर वारोच इलो.”

बाबा वेटोळ्यावर मटकन बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, तळवे वर. त्या तळव्यांकडे ते बघत होते. कुणीतरी त्यातलं काहीतरी काढून घेतलं होतं आणि ते काय होतं ते त्यांना ओळखू येत नव्हतं.

“उतारलंय असतंय तरी...” ते पुटपुटले.

“उतारल्यात असत्यात तरी काय नाय. तुमच्या हातात काय नव्हताच.”

ओहोटीचं पाणी खडकाला चाटत बाहेर चाललं होतं. मला माझं अख्खं लहानपण दिसत होतं: त्या दोघांच्या मधली हातभर जागा, पेज वाढली, इलंय, आणि मी तिकडून इकडे धावणारी. एवढी वर्षं मी दोघांचे निरोप पोचवले. त्यात हा एक कधीच नव्हता.

“मगे,” बाबांनी मान वर केली. डोळे कोरडे होते. “मगे इतकी वर्सां माका ता सांगूक नायस? मी अंगणात बसान कसो मरत होतंय, ता बघी होतंस मा तू? कित्याक नाय सांगलंस, जयूच्या आये?”

ते काय म्हणाले हे त्यांनाही कळलं नसावं. मला कळलं. मी कठड्याला घट्ट धरलं.

आयेनं त्या भल्यामोठ्या नारिंगी जाकिटात एकदा श्वास घेतला.

“सांगूचाच होता,” ती म्हणाली. “खबर मिळाल्यार तुमी जयगड बंदरात उतारल्यात नि थंयसून चलत इल्यात, दारात उभे रवल्यात. मी सांगूक तोंड उघडलंय. तितक्यात तुमी माझ्या पायांर पडल्यात. म्हणाल्यात, माझ्यामुळा गेलो, मी उतराक होया होतंय, आता मी पुन्ना दर्यात पाय ठेवचंय नाय.” तिनं हात लांब केला आणि बाबांच्या उघड्या तळव्यावर ठेवला. “घरात पाळणो रिकामो होतो ओ. आणि खरा सांगला असता, तर तुमी परत दर्यात गेल्यात असत्यात.”